टँकरची ओली रेघ

ऋतिकाला मुळात जायचंच नव्हतं. म्हणजे पपांना सोडवायचं होतं, ते वेगळं, पण गिरीजला जाऊन दीडशे माणसांसमोर भाषण ठोकायचं हे काय तिच्या डोक्यात नव्हतं. ते घातलं कमिटीने.

झालं असं की मे महिना, अठ्ठ्याण्णव साल, आणि बोळिंजच्या त्यांच्या सुरभी अपार्टमेंटमध्ये नळ होते, नळांना तोट्या होत्या, फक्त पाणी नव्हतं. बिल्डरने मारलेली बोअरिंग मार्चमध्येच खारट झाली. मग टँकर. बत्तीस फ्लॅट आणि एक दिवसाआड एक टँकर. आता टँकरवाल्यांची खोड अशी, की तुमच्या नावाने भरलेला टँकर रस्त्यात दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये ओतून मोकळे. वर सांगायचे, टायर फुटला, उद्या येतो. म्हणून कमिटीने नियमच काढला. टँकर भरताना आपला एक माणूस तिथे हजर पाहिजे, आणि त्याने ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये बसून टँकरबरोबरच गेटपर्यंत यायचं. जिन्याखालच्या फळ्यावर पाळ्या लिहिलेल्या असायच्या. त्या रविवारी पाळी होती विलासरावांची. म्हणजे ऋतिकाच्या पपांची.

पपा कसे, तर देवरुखकडचे, सरकारी कचेरीत कारकून, आणि टँकरवर बसायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून जाणारे. मनोरमाताई, म्हणजे तिची आई, म्हणायच्याही, अहो, टँकरवर चाललाय की साखरपुड्याला. ते पहाटे पाचला गेले ते आठ वाजले तरी आले नाहीत. सव्वाआठला तळमजल्यावरच्या फोनवर ड्रायव्हरचा फोन आला. अल्पेश त्याचं नाव. कुठल्यातरी बूथवरून धापा टाकत बोलत होता. गिरीजच्या नाक्यावर गाववाल्यांनी गाडी अडवली, मला दोन कानाखाली बसल्या, मी पळालो, तुमचे साहेब तिथेच आहेत, आणि ते लोक त्यांना काळं फासणार म्हणतायत. एवढं बोलून त्याने ठेवून दिला.

काळं फासणार म्हणजे खरोखरचं. तोंडाला जळकं ऑइल चोपडायचं आणि गावातून फिरवायचं. मनोरमाताई खालीच बसल्या. हा माणूस शर्टाला चहाचा डाग पडला तर कचेरीत रजा टाकेल असा, त्याची धिंड निघाली तर तो परत घरी येईल का, हेच त्यांना कळेना.

कमिटी जिन्यात जमली. चेअरमन म्हणाले, पोलिसांत जाऊ. दुसरे म्हणाले, पोलीस दुपारी येतील, तोवर काय. कोणीतरी म्हणालं, आपण सगळे जाऊ. त्यावर सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली. आणि मग ते चेअरमनच म्हणाले, "आपण पुरुष गेलो तर ते अजून भडकतील. मुलगी गेली तर ऐकतील. ऋतिका, तुझ्याकडे एवढे कप आहेत."

कप होते, ते खरंय. शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा. आठ कप, तीन ढाली, आणि गेल्याच वर्षी आंतरमहाविद्यालयीनला 'पाणी हेच जीवन' या विषयावर दुसरं बक्षीस. तेव्हा घरात पाणी होतं, ती गोष्ट वेगळी.

तर ती निघाली. बी विंगमधली पिंकी तिची जिगरी, तिच्याकडे स्कूटी होती. नाळा गाव, मग निर्मळचं तळं, मग दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या सुरू झाल्या आणि ऋतिका पाठीमागे बसून मनातल्या मनात मुद्दे लावतेय. पहिला मुद्दा, माझे वडील निरपराध आहेत. दुसरा मुद्दा, पाण्यावर सगळ्यांचा हक्क. पिंकी म्हणाली, "हक्क वगैरे बोलू नकोस हं, मारतील."

आणि पिंकीचं बरोबरच होतं, कारण गिरीजचं प्रकरण साधं नव्हतंच. त्या गावातून तीन-चार वर्षं टँकर भरून जात होते. गोडं पाणी उपसलं गेलं आणि खालून खारं वर आलं. वाड्यांतल्या बावी, म्हणजे विहिरी, मचूळ झाल्या, केळीची पानं कडेने जळायला लागली. मग त्या वर्षी होळीनंतर गावाने शपथ घेतली. अर्ध्या लोकांनी देवळासमोर नारळावर हात ठेवून, अर्ध्यांनी क्रुसासमोर उभं राहून. आपल्या बावीचं पाणी टँकरला द्यायचं नाही, कोणीच नाही. आणि तरी हा भरलेला टँकर पहाटे गावातूनच बाहेर पडताना पोरांनी पकडला. म्हणजे शपथ मोडलीय. आपल्यातल्याच कोणीतरी मोडलीय. कोणी, तेवढंच कळत नव्हतं, आणि ते माहीत असलेला एकच माणूस त्यांच्या हातात होता. तो इस्त्रीचा शर्ट घालून नाक्यावरच्या मंडळाच्या शेडमध्ये बाकावर बसला होता आणि तेव्हापासून एकच वाक्य बोलत होता. मला माहीत नाही.

ऋतिका पोचली तेव्हा नाक्यावर ही गर्दी. बायका, म्हातारी माणसं, लुंगीतले, हाफ पँटमधले. मधोमध निळा टँकर तिरका उभा, चावी काढून घेतलेली, मागच्या व्हॉल्व्हमधून टपटप गळतंय. आणि बाकासमोर श्रीपतकाका उभे. साठीचे, काटक, गळ्यात पंचा. शपथेच्या वेळी नारळ त्यांच्याच हातात होता. आता हातात ऑइलचा डबा होता.

"तुमी टँकरवाल्याचे पार्टनर नाय तर केबिनमधी बसून काय देव बघत होता?" ते पपांना विचारत होते. "कोनाच्या बावीवरून भरला ते नाव सांगा नि जा घरी. आमाला तुमच्या तोंडाशी काय करायचं नाय."

"मला माहीत नाही," पपा म्हणाले. कपाळावरून घाम गळत होता आणि ते तो पुसतही नव्हते.

"झोपले होते वाटतं," मागून एक जण.

"उठव त्याला, श्रीपत. लाव थोडं गालाला, जाग येईल." ही क्लेमेंटीनबाय. सत्तरीची, मासळीची पाटी बाजूला ठेवून पुढेच येऊन बसलेली.

ऋतिका घुसली. कशी घुसली तिलाही माहीत नाही, कोपरं मारत मारत गेली आणि शेडच्या कट्ट्यावर चढली. खाली दीडशे तोंडं. कोणीतरी ओरडलं, ही कोण आली आता. कोणीतरी म्हणालं, टँकरवाल्याची पोरगी. "उतर खाली." "बोळिंजची दिसते, पावडर बघ." आणि तिचे ना, मुद्दे सगळे गायब. मग काय झालं, सवय. आठ वर्षांची सवय. हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून बाहेर पडलं,

"सन्माननीय परीक्षक आणि माझ्या बालमित्रांनो."

एक सेकंद कोणालाच कळलं नाही. मग क्लेमेंटीनबाय हसली. पोटापासून हसली. "बालमित्र," ती शेजारणीला म्हणाली, "माझ्या तोंडात दात नाय, नि मी हिची बालमित्र." मग सगळेच. इग्नेशियस म्हणून एक होता, दांडगा, टँकरला टेकून उभा, तो म्हणाला, "घंटी वाजवा रे कोनीतरी, वेळ सुरू झाली." श्रीपतकाका नाही हसले. पण डबा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला.

ऋतिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की हसताहेत म्हणजे ऐकताहेत. कॉलेजमध्ये त्यांचे भाषणाचे सर एक सांगायचे. समोरच्याच्या मनात जे सगळ्यात जड वाक्य असेल, ते त्याने बोलायच्या आत आपण बोलायचं. मग त्याचे हात रिकामे होतात.

"परीक्षकच म्हणते मी तुम्हाला," ती म्हणाली. "कारण निकाल तुम्हीच देणार आहात, आणि डबा भरून तयार आहे. मी टँकर सोडवायला नाही आले. हा टँकर तुम्ही अडवलात ते बरोबर केलंत."

पिंकी लांब स्कूटीवर बसलेली, तिने डोक्याला हात लावला.

"याला पुढे जाऊ देऊ नका. यातला एक थेंबसुद्धा बोळिंजला देऊ नका. तुमच्या केळी जळल्या आणि आम्ही फ्लॅटमध्ये त्या पाण्याने गाद्यांचे अभ्रे धुतले. मी स्वतः धुतलेत. पाणी कुठून येतं हे मी एकदाही विचारलं नाही. माझी चूक आहे. पाणी प्यायलं म्हणून काळं फासायचं असेल ना, तर पहिलं मला फासा. मग माझ्या आईला. मग बत्तीस फ्लॅट. ऑइल पुरणार नाही, अजून एक डबा मागवा."

"मागवतो, मागवतो," इग्नेशियस म्हणाला, पण त्याचा आवाज आता चेष्टेचा होता, रागाचा नव्हता. ऋतिकाला हे फरक कळायचे. स्पर्धेत पहिल्या मिनिटाला मागच्या रांगेतली कुजबुज थांबली की जे वाटतं, तेच वाटलं तिला.

"पण माझ्या वडिलांना टँकरवाला म्हणून फासणार असाल, तर एक विचारते. काका, तुम्ही सांगा." तिने थेट श्रीपतकाकांकडे बोट नाही, हात केला, तळवा वर ठेवून, तेही शिकवलेलं. "तुमच्या बैलगाडीत तुमचाच माल असेल, तर तो चोरीला जाऊ नये म्हणून तुम्ही गाडीवानावर पहारा बसवता का?"

"आमच्याकडे बैलगाडी नाय आता," श्रीपतकाका म्हणाले. "टेंपो हाय."

"टेंपो. टेंपोत बसवता?"

"भाड्याचा असला तर बसवतो."

"भाड्याचा असला तर. हेच. आमचं पाणी आमच्याच दारात यावं म्हणून बिल्डिंगमधला एकेक माणूस पाळीपाळीने या टँकरवर बसतो. कारण टँकरवाला आम्हालाही फसवतो. फळ्यावर नावं आहेत, या बघायला. आज माझ्या वडिलांची पाळी. मागच्या वेळी चेअरमनची होती, ते आज घरी बसलेत आणि मला पाठवलंय."

आता खरंखुरं हसू फुटलं. बायका एकमेकींना सांगायला लागल्या, म्हंजे हा पन गिऱ्हाईकच. राखनदार हाय बिचारा. कोणीतरी पपांना पाण्याचा तांब्या दिला. मटिल्डा नावाची एक बाई होती, तिने तर श्रीपतकाकांना सरळ म्हटलं, "सोड ना त्याला. पोरगी बघ कशी रडवेली झालीय." ऋतिका रडवेली वगैरे काही नव्हती. ती भलतीच खुशीत होती.

आणि इथे तिने थांबायला हवं होतं. पपा सुटले होते. म्हणजे अजून बाकावरच होते, पण सुटलेच होते, दोन मिनिटांत लोकांनी स्वतःच वाट करून दिली असती. पण श्रीपतकाका म्हणाले, "ते समजलं. राखनदार तर राखनदार. पन भरताना तो तिथं उभा होता, म्हंजे बाव त्यानं पाह्यली. मग नाव का सांगत नाय?"

गर्दी पुन्हा पपांकडे वळली. हसू विरलं. आणि ऋतिकाकडे ना, तेवढ्यात एक वाक्य आलं. आलं म्हणजे कसं, तर टपकन. टँकरचा व्हॉल्व्ह समोर गळत होता. हाच टँकर बोळिंजला यायचा तेव्हा वळणापासून गेटपर्यंत रस्त्यावर ओली रेघ ओढत यायचा, पोरं त्या रेघेवरून एका पायावर चालायची. वाक्य इतकं छान होतं की ते पूर्ण व्हायच्या आधीच ती बोलायला लागली.

"नाव माझ्या वडिलांच्या तोंडातून कशाला काढताय? पहाटेपासून तुम्ही सगळे एका माणसाच्या तोंडाकडे बघताय. एकदा पायाखाली बघा. हा टँकर गळका आहे. तो जिथून निघाला तिथून इथपर्यंत रडत आलाय. ज्याने पाणी विकलं, त्याचा पत्ता पाण्यानेच जमिनीवर लिहून ठेवलाय. माणूस खोटं बोलेल, पाणी नाही बोलणार."

पपा उभे राहिले होते. हात वर करून नको नको करत होते. ऋतिकाला वाटलं, त्यांना भरून आलंय.

दीडशे माणसं खाली बघायला लागली. डांबरावरचं केव्हाच वाळलं होतं. पण नाक्याच्या मागे तीन पाणंदी फुटतात, मातीच्या, वर केळी-माडांची सावली, तिथे ऊन पोचत नाही. इग्नेशियस पहिल्या पाणंदीच्या तोंडाशी गेला. नाही म्हणाला. दुसऱ्या. तिथे वाकला. धुळीत ठिपक्यांची रांग होती, काळपट, अजून ओलसर, सरळ आत गेलेली. त्याने मान वर केली आणि कोणाकडे बघितलं, तर श्रीपतकाकांकडे. कारण त्या पाणंदीत दोनच वाड्या. एक चर्चची, तिला बावच नाही. दुसरी श्रीपतकाकांच्या मुलाची. परेशची.

लोक नुसते चालायला लागले. आणि श्रीपतकाका सगळ्यांच्या पुढे, डबा हातात तसाच. चालताना ऑइल हिंदकळून त्यांच्या पायावर सांडत होतं.

मटिल्डाने जाता जाता ऋतिकाच्या पाठीवर थाप मारली. "काय बोलतेस गो. अगदी मनातलं काढलंस." पिंकी स्कूटी ढकलत आली, तिचे डोळे असे मोठे. ऋतिका कट्ट्यावरून उडी मारून पपांकडे गेली, म्हणाली, चला पपा, झालं, आई वाट बघतेय. पपा तिच्याकडे बघत होते.

"मला माहीत होतं गं," ते म्हणाले.

"काय?"

"कुणाची बाव ते. परेशची. माझी पाळी आली की टँकर भरेपर्यंत मी त्याच्या ओट्यावर बसतो. त्याची बायको, खुशी, चहा देते. बापाला कळू देऊ नका एवढंच म्हणाला होता तो मला."

आणि ते पाणंदीकडे चालायला लागले. धावले म्हणा ना. पपांना धावताना ऋतिकाने कधी बघितलं नव्हतं.

आत वाडीच्या फाटकाशी सगळे थांबले होते. रेघ फाटकातून आत जाऊन बावीच्या कठड्याशी संपत होती. कठड्यावर मोटार, मोटारीला जाड काळा पाइप, आणि बाजूच्या केळी, म्हणजे केळी कसल्या, पिवळ्या काठ्या. परेश ओट्यावर उभा होता. तीस-बत्तिशीचा, बनियन, लुंगी. पळाला वगैरे नाही. खुशी दारात, पदर तोंडाशी.

"बापू," तो म्हणाला, "केळी गेली. दोन वर्सं झाली. झाडाला घातलं तरी मरतं, मग मी काय विकू? पान्यातच मीठ आलं तर पानीच विकलं."

"तू नारळावर हात ठेवला होता," श्रीपतकाका म्हणाले. "माझ्या हातातल्या."

"ठेवला होता."

लोक श्रीपतकाकांच्या हातातल्या डब्याकडे बघतायत. काकांनी डबा जमिनीवर ठेवला. म्हणाले, "आता दुसऱ्या कोनीतरी घ्या. मी नाय."

कोणी घेईना. क्लेमेंटीनबाय मागून हळूहळू पोचली होती, तिनेही डब्याला हात लावला नाही. आणि मग इग्नेशियस वळला, ऋतिकाला शोधून काढलं, आणि अगदी मनापासून विचारलं त्याने, चेष्टेने नाही. "तू सांग ना. तुला नीट बोलता येतं. काय करायचं याचं?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तीच तोंडं, पण आता तिच्या बाजूची. तिने जे म्हटलं असतं ते त्यांनी केलं असतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. फासा म्हणाली असती तर फासलं असतं. माफ करा म्हणाली असती तर कदाचित तेही. तिने तोंड उघडलं. परेशने तिच्याकडे पाहिलं, त्याला ती कोण हेही माहीत नव्हतं. तिने तोंड मिटलं.

"तिला नका विचारू," पपा म्हणाले. "ती तुमच्या गावची नाही. मीही नाही." आणि एवढंच बोलून थांबले, कारण पुढे बोलायचं त्यांना येत नाही.

शेवटी श्रीपतकाकांनीच पाना मागितला. खुशीने आतून आणून दिला. काका कठड्यावर चढले आणि मोटारीचे नट सोडायला लागले. एक सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्याला पाइप हलायला लागला. तो कोणी वरून धरला नाही तर सगळाच बावीत जातो, एकट्याचं काम नाही ते. परेश पुढे झाला तर काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, तू नको. बाकीचे जागचे हलेनात, कारण आता कोणी पुढे जायचं हेच कोणाला ठरवता येईना.

पपांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, कठड्यावर गेले आणि पाइप दोन्ही हातांनी कवेत घेतला. पाइपला शेवाळ, चिखल, ग्रीस. सगळं छातीवर.

"घट धरा," काका म्हणाले.

"धरलाय."

"निसटला तर गेला."

"धरलाय म्हटलं ना."

ऋतिका तिथेच उभी होती. पपांनी मान वळवून तिला सांगितलं, "तू पिंकीबरोबर घरी जा. आईला सांग, मी ठीक आहे. मी येतो चालत."

"मी थांबते ना."

"जा," पपा म्हणाले. रागावले नव्हते. हात गुंतलेले होते, एवढंच.

नाक्यावर पोरांनी टँकरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून दिला होता आणि पाणी रस्त्याकडेच्या खळग्यात धो धो जात होतं. बोळिंजच्या बत्तीस फ्लॅटचं पाणी. कोणीतरी ऋतिकाला ओळखून हात केला. पिंकीने स्कूटी सुरू केली, ही मागे बसली, आणि निर्मळच्या तळ्यापर्यंत पिंकी काही बोलली नाही, जे पिंकीला जमत नाही. तळं गेलं आणि तिला राहवेना.

"काय बोललीस यार तू. सगळे कसे खालीच बघायला लागले. ती ओळ सांग ना परत, पाण्याने पत्ता लिहिलाय वाली."

"पुढे बघ," ऋतिका म्हणाली, "आणि गाडी चालव."